पद्माक्का पडून बघतात

पद्माक्का मुद्दाम पडतात. भरल्या बाजारात, एस.टी. स्टँडवर, देवळाच्या पायरीपाशी, कुठेही. चालता चालता "आई गं" म्हणतात, गुडघे सैल सोडतात, डाव्या कुशीवर अलगद लवंडतात आणि डोळे मिटून पडून राहतात. मग कोण धावत येतं, किती लवकर येतं, आल्यावर काय बोलतं आणि शेवटपर्यंत कोण थांबतं, हे सगळं पापण्यांच्या फटीतून नीट बघतात. बघून झालं की उठतात, पातळ झटकतात आणि जमलेल्या लोकांना निकाल सांगतात.

बाई सत्तरी ओलांडलेली, अंगानं भरलेली, चष्मा जाड. पण पडण्यात अशी सफाई की आजवर साधं खरचटलेलं नाही.

एखादा देश राहायला बरा की वाईट, हे ठरवायची त्यांची ही रीत. सगळ्यात सुखी देश म्हणून पेपरात फिनलंडचं नाव येतं, ते त्यांना मान्य नाही आणि अमान्यही नाही. "पेपरवाली मानसाला उभं असताना मोजत्यात," त्या म्हणतात. "मानूस आडवं झाल्यावर मोजाय पायजे. पडल्याबिगर कळत न्हाई."

हे "पडल्याबिगर कळत न्हाई" दिवसातून मला किती वेळा ऐकावं लागतं ते विचारू नका. सांगलीत माझं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. घराच्या पुढच्या अंगाला माझं दुकान. जुन्या मोटारी आणि पाण्याचे पंप घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. रहिमतपूरहून आलो तेव्हा जवळ एक पान्हा होता आणि तोही उसना. आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जुना पंप विकणारा माणूस आधी मला विचारतो. मी तापट आहे असं गल्ली म्हणते. गल्लीला घासाघीस येत नाही, म्हणून तिला तसं वाटतं.

फिनलंडचं प्रकरण असं. आक्कांचा मुलगा अजित तिकडं एस्पो नावाच्या गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला आक्का गेल्या आणि गेल्या गेल्या दारातच बर्फावरून घसरल्या. ते पडणं खरं होतं. एक उंच माणूस आला, अंगातला कोट काढून त्यानं आक्कांवर घातला, फोन केला आणि गाडी येईपर्यंत त्या थंडीत नुसत्या स्वेटरवर उभा राहिला. गाडी आली, त्यानं कोट घेतला आणि तो गेला.

"एक शबूद बोलला न्हाई रं," आक्का अजून सांगतात. "नाव न्हाई, गाव न्हाई. कोन तुमी, कुनाच्या, काय न्हाई."

मग तिकडच्या सरकारी दवाखान्यानं त्यांना एका वर्गात घातलं. म्हाताऱ्या माणसांनी पडावं कसं, याचा वर्ग. हनुवटी छातीला, हात आखडलेले, वजन कुशीवर. गादीवर पडायचं, उठायचं, परत पडायचं. सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्यांत आक्का पहिल्या आल्या असं त्या म्हणतात. अजित म्हणतो तिथं नंबर काढत नाहीत. मुलाला काय कळतंय.

बाई तुलनेला मात्र चोख, हे मला मानावं लागतं. मी माणूस मोजणारा, मला लबाड माप लगेच कळतं. आक्का फिनलंडची बाजू मांडताना हातचं राखत नाहीत. नळाचं पाणी तसंच प्यायचं. बस म्हणजे घड्याळ. दवाखान्यात ओळख लागत नाही. पहिलीतलं पोर पाठीवर दप्तर टाकून एकटं शाळेला जातं आणि एकटं येतं, कुणी त्याला हातही लावत नाही. आणि सांगलीची बाजू मांडताना तर त्या दयामाया दाखवतच नाहीत. आमच्याकडं पडलेल्या माणसाभोवती वीस माणसं जमतात, त्यातली दोन कामाची असतात आणि बाकीची वारा अडवतात, हे त्यांचंच वाक्य.

अजितचं म्हणणं, आईनं आता कायमचं तिकडं यावं. तिच्या नावाचे कागद करून ठेवलेत, खोली तयार आहे. आक्का म्हणायच्या, थांब, अजून निकाल लागायचाय. दोन वर्षं हा निकाल लागत नव्हता. घर विकायचं की ठेवायचं, जायचं की राहायचं, सगळं त्या पडण्यावर अडलं होतं. आणि फिनलंड पुढं होतं. तो कोटवाला माणूस काही केल्या मागं पडत नव्हता.

आता माझी तक्रार सांगतो. ती रास्त आहे.

परत आल्यावर आक्का पहिल्यांदा पडल्या त्या माझ्या दुकानासमोर. मी एका गिऱ्हाइकाशी पंपाचा सौदा करत होतो, अगदी तुटायच्या टोकाला आणलेला. तो सोडून मी धावलो. सगळ्यांच्या आधी मी पोचलो, याला गिऱ्हाईक साक्षीदार आहे. मी त्यांना एकट्यानं उचललं, माझी कंबर आठवडाभर धरली होती. आणि आक्कांनी उठून काय सांगितलं? पहिला नंबर समोरच्या किसन चहावाल्याचा. का, तर तो खुर्ची घेऊन आला. मी तिसरा.

"तिसरा?" मी म्हणालो. "आवं आक्का, मी पैला आलो."

"आलास पैला. पर आल्या आल्या काय म्हनलास?"

मी म्हणालो होतो, "डोळं फुटलं काय?" हे खरं आहे. पण ते काळजीनं. काळजीनं माणूस ओरडतो, त्यात गुण कापण्यासारखं काय आहे? मी भांडलो. दुसरा नंबर तरी द्या म्हणालो. दुसरा कोण, तर गल्लीतली एक कुत्री, जी आक्का उठेपर्यंत त्यांच्या पायाशी बसून होती. आक्का एका नंबरानंही हलल्या नाहीत. एवढी वर्षं मी घासाघीस करतोय, पण एवढी कडक बाई मला बाजारात भेटली नाही.

त्यानंतर त्या माझ्या गाडीतून हिंडायला लागल्या. मला धंद्यासाठी गावोगाव जावं लागतं, शेजारीण म्हणून नाही म्हणता येत नाही. मी पंप बघायचो, त्या पडून यायच्या. येताना गाडीत निकाल.

मिरजेत स्टेशनबाहेर पडल्या. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तीन रिक्षावाले एकाच वेळी आले आणि उचलायच्या आधी विचारायला लागले, कुठल्या डॉक्टरकडं? एकजण म्हणाला हाडाचे, दुसरा म्हणाला हृदयाचे, तिसऱ्यानं मेंदूचे सुचवले. त्यांचं एकमत होईना, म्हणून आक्का स्वतःच उठल्या. तरी गुण बरे दिले. "भांडत हुती, पर माझ्यासाठीच भांडत हुती की."

विट्यात पडल्या. तिथले निम्मे लोक देशभर सोनं गाळायच्या धंद्यात. एका माणसानं मोठ्या मायेनं मनगट धरून उठवलं, मनगटातली बांगडी बघितली आणि हळूच कानात म्हणाला, "आज्जी, बावीस कॅरेट न्हाई ही. कुनी दिली?" आक्कांनी त्याला नापास केलं. दुसऱ्या दिवशी सराफाकडून बांगडी तपासून घेतली. त्याचं बरोबर निघालं. मग पास केलं.

साताऱ्यात स्टँडवर एक निवृत्त सुभेदार धावून आले. त्यांनी आधी गर्दीला दहा पावलं मागं हटवलं, मग आक्कांना हुकूम दिला, डावा पाय पुढं, उजवा हात वर, सावकाश उठा. आक्का उठल्या. तसंच त्यांना कोल्हापूरच्या बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, पेशंट आहे, मध्ये उतरू द्यायचं नाही. मी गाडी घेऊन बसचा पाठलाग करत नागठाण्यापर्यंत गेलो. सुभेदारांना आक्कांनी फार वरचे गुण दिले. फिनलंडच्या थोडेच खाली.

आणि माझं रहिमतपूर? माझं गाव? तिथं त्या जायलाच तयार नाहीत.

मी सांगून दमलो. म्हणालो, आक्का, एकदा आमच्या रहिमतपुरात पडा. बाजाराच्या दिवशी पडा. फिनलंड बिनलंड कुठल्या कुठं जाईल. त्या म्हणायच्या, बघू. गाडी त्या बाजूला निघाली की त्यांचा गुडघा दुखायचा. एकदा तर मसूरपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, मला इथंच सोड, येताना घेऊन जा. मसुरात नुसत्या बसून राहिल्या, पडल्यासुद्धा नाहीत. मला तिसरा नंबर दिला ते मी एक वेळ गिळलं असतं. पण दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडं पडायचं आणि माझं गाव तेवढं वगळायचं, हा अपमान मला सोसेना.

मग अजितचा फोन आला. सुट्टी काढून येतोय, म्हणाला, ह्या खेपेला हो किंवा नाही. आक्का भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात, त्यामुळे मला कळलं. मी तसाच त्यांच्या दारात गेलो आणि आवाज चढवला. म्हणालो, फिनलंडला जायचं तर जावा, पण निकाल अपुरा आहे. माझं गाव तपासल्याशिवाय तुम्ही निकाल लावलात, तर मी गल्लीभर सांगीन की पद्माक्कांनी मापात पाप केलं.

 आक्का भिंतीवरच्या आण्णांच्या फोटोकडं बघत होत्या. आण्णा म्हणजे त्यांचे यजमान. हळदीचे आणि आल्याचे व्यापारी, माणूस गरीब गाय. आक्का फिनलंडला असतानाच ते गेले, हृदयविकारानं, साताऱ्याच्या दवाखान्यात. गल्लीला एवढंच ठाऊक होतं.

"बाजार कवा असतो तुमचा?" आक्कांनी विचारलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही रहिमतपुरात उतरलो. मी आधीच ठरवलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. शिकवून पास होण्यात मजा नाही. माणसं दाटलेली, भाजीच्या पाट्या रस्त्यापर्यंत आलेल्या, आल्याचा वास. माझी छाती उगाच फुगली होती. आक्का माझ्यापुढं चालत होत्या आणि मला नवल वाटलं, कारण त्या कुणाला काही न विचारता चालत होत्या. आल्याचे व्यापारी जिथं पोती उघडून बसतात तिकडं वळल्या. तिथं एका कोपऱ्यावर त्या थांबल्या.

मला वाटलं, आता पडणार. मी दोन पावलं मागं सरलो, निकालात आपली ढवळाढवळ नको म्हणून.

त्या पडेनात. नुसत्या उभ्या. हात पुढं करून कशाला तरी धरायला बघत होत्या. आणि मग त्या खाली गेल्या, पण ते त्यांचं पडणं नव्हतं. हनुवटी आत नव्हती, कूस नव्हती, काही नव्हतं. पोतं घसरावं तशा गेल्या. मी ओरडलो, पण माझ्या आधी बाजार पोचला.

खरंच सांगतो, मी धावणारा माणूस, पण मला शिरायला जागा मिळाली नाही. एकानं डोक्यावरची टोपी काढून वारा घातला. एकानं आल्याचं पोतं पाठीशी सरकवलं. कुणीतरी गर्दीला आधीच मागं रेटून धरलं होतं, वारा अडत नव्हता. आणि मेथीची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं आक्कांचं डोकं सरळ आपल्या मांडीवर घेतलं होतं. ओल्या पदरानं त्यांचं तोंड पुसत होती आणि न थांबता बोलत होती. कुठल्या वं तुमी, सकाळधरनं काय खाल्लंय का न्हाई, एवढ्या गर्दीत एकल्या कशापायी आला.

"सांगलीची," आक्का म्हणाल्या.

"आगं बया," म्हातारी म्हणाली. "सांगलीचीच मानसं हितं कशी पडत्यात? ह्याच जाग्याला आमचं आण्णा पडलं हुतं. आल्याचं यापारी. दर बाजारी यायचं. आलं मोडून वास घ्यायचं, मग भाव करायचं. लय गुनाचा मानूस."

आक्का उठून बसल्या. म्हातारीचा हात त्यांनी सोडला नाही.

"लय वेळ पडून हुतं का?" त्यांनी विचारलं.

"छ्या. भुईला टेकू दिलं न्हाई. माझ्या पाटीवर कलंडलं, तसं धरलं. ह्याच मांडीवर डोस्कं हुतं त्यांचं, गाडी येस्तवर. पानी पाजलं. बोललं बी माझ्यासंगं."

"काय बोललं?"

"मी म्हनलं, घरला फोन लावू का? मंडळी कुठं हाय? तर म्हनलं, लांब हाय. नगं लावू. तिकडं आजून उजाडलं नसंल, झोपू दे तिला."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं उलगडलं. आण्णा रहिमतपुरात पडले होते. आक्कांना एवढंच कळवलं होतं, की आल्याच्या बाजारात कोपऱ्यावर पडले, लोकांनी उचलून साताऱ्याला नेलं. कुणी उचललं, कधी उचललं, कुणी जवळ बसलं की वीस माणसं नुसती वारा अडवून उभी राहिली, हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. विचारायला यायचं तर उत्तराची भीती. म्हणून बाई बाकी सगळीकडं पडून बघत होती.

आक्कांनी म्हातारीच्या दोन्ही हातांना कपाळ लावलं. माझ्यासमोर त्या रडणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मग उठल्या, पातळ झटकलं आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पैला नंबर. फिनलंडच्या वर. लय वर."

दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या गावानं करून दाखवलं होतं. मी पोत्यावर चढलो आणि सगळ्यांना सांगितलं, की जगातला एक नंबरचा देश आपण आत्ता मागं टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आल्यावाल्यानं विचारलं, हे फिनलंड कुठल्या तालुक्यात आलं? मी म्हणालो, आता कुठल्याच नाही. समोरच्या दुकानातून सगळ्या ओळीला जिलबी वाटली. भाव विचारायचा राहून गेला, त्याचं दुकानदारालाच नवल वाटलं, कारण तो मला लहानपणापासून ओळखतो.

परत निघालो तेव्हा मी गाडी नाही, वरात चालवत होतो. म्हणालो, झालं, आक्का. अजितला सांगा, निकाल लागला.

मसूर मागं पडल्यावर त्यांनी फोन लावला. म्हणाल्या, "अजित, यायचं तसा ये. पर जाताना माझं बी तिकीट काढ. कायमचं."

मी गाडी कडेला घेतली आणि भडकलो. ही कुठली रीत? जिंकलो आपण. जिंकल्यावर माल दुसऱ्याला द्यायचा असतो का? मी हात आपटून आपटून बोललो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"इथं मानसं हायत रं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता मला ठावं झालं. इथली काळजी मिटली. तिकडं माझा नातू त्या बर्फातनं एकटा शाळेला जातोय. पडला तर उचलत्याल त्याला. उचलनारी लय हायत तिकडं. पर डोकं मांडीवर घिऊन, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई, आसं इचारनारं कुनीतरी पायजे का नगं?"

मी आपटायचे हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी सुरू केली.

कराड यायच्या आधी त्या म्हणाल्या, "बबन, ती बाई काय म्हनली, परत सांग की."

मी गिऱ्हाइकाला एक गोष्ट दोनदा सांगत नाही. पण सांगितलं. पाटीवर कलंडले, भुईला टेकू दिलं नाही, मांडीवर डोकं होतं, पाणी पाजलं. आणि म्हणाले, तिकडं अजून उजाडलं नसेल, झोपू दे तिला. एक शब्द वाढवला नाही की एक शब्द कमी केला नाही.

इस्लामपुरात त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

आष्ट्यात त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी काचा वर केल्या, म्हणजे बाहेरचा आवाज मध्ये येऊ नये, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.